आफ्रिकेआधी कन्हेरी

माझी आफ्रिका कन्हेरीत अडली. कुणाची व्हिसात अडते, कुणाची डॉक्टरच्या तपासणीत. माझी बारामतीपासून सायकलच्या टप्प्यातल्या गावात, एका आबांच्या ओसरीवर अडली. आणि अडली ती वाईट वागण्यानं नव्हे. मी इतका गुणी वागलो की त्या गुणांनीच घात केला.

आधी मी कोण ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात मी एका कॅथलिक संघातला ब्रदर होतो. ब्रदर म्हणजे फादर नव्हे, हे मला जन्मभर समजावून सांगावं लागलं आहे, आणि ज्यांना सांगावं लागलं त्यांत माझे सख्खे काकाही आले. फादर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करतो, लोक त्याच्यापुढं पापं कबूल करतात. ब्रदरही लग्न करत नाही, जवळ पैसा बाळगत नाही, वरिष्ठ धाडतील तिथं जातो. पण तिथं गेल्यावर पंपाचा वॉशर बदलतो. माझं घर नगर जिल्ह्यातलं, शिक्षण आयटीआयचं, ट्रेड वायरमनचा. आफ्रिकेतल्या आमच्या मिशनला असाच माणूस हवा होता. विहिरीवर मोटर बसवणारा, जीप चालवणारा, वेळ पडली तर इंजेक्शन टोचणारा. हे सगळं मला येत होतं. आपल्याला सगळं येतं, हेही मला चांगलं ठाऊक होतं.

आमची तयारी बारामतीत चालायची, भिगवण रस्त्याला भाड्यानं घेतलेल्या एका घरात. तयारी करून घेणारे एक वयस्क ब्रदर होते. त्यांना आम्ही मोठे ब्रदर म्हणायचो. ऐन उमेदीची वर्षं आफ्रिकेत घालवून, मलेरिया आणि दुखरे गुडघे घेऊन ते परत आले होते. सकाळी प्रार्थना, मग टेपरेकॉर्डरवर तिकडच्या भाषेचे धडे, दुपारी डिझेल इंजिन उघडायचं आणि परत जोडायचं. भाषेचं पाठांतर मी अशा तोऱ्यात करायचो की चूक झालीच तर ती टेपमधल्या बाईची असावी.

आम्ही दोघं होतो. दुसरा वसईचा, अंगानं भरलेला, माशांचा विषय निघाला की प्रार्थनेतही डोळे उघडणारा. त्यानं इंजिन जोडलं की दोन-चार बोल्ट उरायचेच. हा आफ्रिकेत टिकणार नाही याबद्दल मला शंका नव्हती, आणि मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायचो. माझ्यासाठी करायची गरज वाटली नव्हती.

तयारीचा शेवटचा टप्पा मोठ्या ब्रदरांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला होता. प्रत्येकानं एका अनोळखी घरात चाळीसेक दिवस राहायचं. घर ख्रिस्ती नको. धर्माबद्दल बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे काही द्यायचं नाही.

"दुरुस्ती नको, औषध नको, सल्ला तर मुळीच नको," ते म्हणाले. "परक्या मुलखात आपण देणारे म्हणून उतरतो आणि तिथंच फसतो. मीही फसलो. आधी घ्यायला शिका. पुढ्यात येईल ते खा. शेवटी मी घरच्यांना विचारीन आणि त्यावरून ठरवीन, कोण जाणार आणि कोण राहणार."

हे ते वसईकराला उद्देशून बोलताहेत असं मी धरून चाललो. त्याला घ्यायला काय शिकवायचं, असंही मनात आलं. त्याला त्यांनी धाडलं भिगवणजवळ, उजनीच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या एका घरात. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला धाडलं कन्हेरीला.

कन्हेरीचं घर धनगराचं. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. कालव्याचं पाणी आलं तसा कळप विकला आणि ऊस, वांगी, टोमॅटो करू लागले. दाराशी आठवण म्हणून चार शेळ्या. मुलगा कारखान्यात पाळीवर जायचा. घर चालायचं ते सुनेच्या हातानं, तिला मी वहिनी म्हणायचो. वहिनीची दोन लेकरं होती. ओसरीवर माझ्यासाठी नवं घोंगडं अंथरलेलं होतं.

"पाव्हणं, घर तुमचंच हाय," आबा म्हणाले. "लाजू नका. हवं नको ते सांगत जावा."

मला काहीच नको होतं. पण विहिरीवरचा स्टार्टर कुरकुरत होता आणि ते मला ऐकवेना. आबा बाजाराला गेल्याची संधी साधून मी तो उघडला. नियम मोडतोय हे कळत होतं, पण सत्कार्य करताना नियम आडवे आले तर दोष नियमाचा, असं माझं त्या काळी तत्त्व होतं. मी सगळं साफ केलं, वायरी परत जोडल्या, बटण दाबलं. मोटर झोकात सुरू झाली आणि पाणी काही येईना. तीन फेजांतल्या दोन वायरींची मी अदलाबदल केली होती. मोटर उलटी फिरत होती. सरकारमान्य वायरमन! शेवटी गावातला माणूस बोलवावा लागला. त्यानं दोन मिनिटांत वायरी बदलल्या आणि मला विचारलं, "तुमी शेहराकडचं का?"

आबा रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मोटरचं ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तुमी आपलं ओसरीवर बसा."

आता ओसरीवर बसून माणसानं करायचं काय? द्यायचा मार्ग बंद झाला, तेव्हा मी पवित्र व्हायचं ठरवलं.

राखेचा बुधवार आला होता. तिथून ईस्टरपर्यंतचा आमचा उपवासकाळ. चर्च तसं फार मागत नाही. पहिल्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास, शुक्रवारी मांस नाही, बाकी ज्याची त्याची भक्ती. माझी भक्ती भलतीच जोरात होती. मी ठरवलं, चाळीस दिवस मांस-मासे नाहीत, अंडं नाही, चहा नाही आणि जेवण दिवसातून एकदाच. मोठ्या ब्रदरांना हे कळवायची मला गरज वाटली नाही. त्यांना ते आपोआप कळावं आणि त्यांनी थक्क व्हावं, अशी माझी योजना होती.

"निरंकार का फराळाचं?" वहिनीनं विचारलं.

"तसं नाही. एकदाच जेवायचं, दुपारी. चहा नाही, मटण-मासे नाही."

"भाकरी?"

"भाकरी चालते."

"कांदा-लसूण?"

"चालतो."

वहिनी चूल फुंकायची थांबली. "मंग ह्यो कसला उपास? भाकरी चालती, कांदा चालतोय, आन् च्या तेवढा चालत न्हाय?"

धर्माबद्दल बोलायचं नाही हा नियम मला नेमका तेव्हा आठवला. म्हणून मी नुसता गूढ हसलो. ते हसू आठवलं की अजून स्वतःचेच कान पिळावेसे वाटतात.

वहिनीनं आपल्या परीनं वाट काढली. संध्याकाळी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी करून आणली. मी हात जोडले. संध्याकाळी काहीच नको. सकाळी ती शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आली. मी पुन्हा हात जोडले. दुसऱ्या दिवशी नुसतं दूध आणलं. तिसऱ्या दिवशी ताक. चौथ्या दिवशी ती उंबऱ्यात आली, माझ्याकडं बघितलं आणि रिकाम्या हातानं परत गेली. मला वाटलं, हिला आता पटलं.

मग एक नवल घडलं. संध्याकाळी आबांचं ताट वाढलं जाईना. विचारलं तर म्हणायचे, "भूक न्हाय." लेकरंही गपगार. दिवेलागणीला चूल थंड. हे दोन दिवस चाललं, चार दिवस चाललं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे घर माझ्याबरोबर उपवास करत होतं! एक शब्द न बोलता, नुसत्या माझ्या उदाहरणानं! मी घोंगड्यावर आडवा पडून हिशेब मांडू लागलो. कन्हेरीत पंधरवड्यात ही गत, तर आफ्रिकेत काय होईल? अख्खी गावं माझ्यामागून चालत येताना मला दिसू लागली. सगळ्यात पुढं मी, अंगानं जरा वाळलेला.

एका संध्याकाळी कडब्याच्या गंजीमागून चटणीचा वास आला म्हणून मी तिकडं डोकावलो. आबा आणि दोन्ही लेकरं घाईघाईनं भाकरी आणि सुकट खात होती. मला बघताच आबांनी हातातली भाकरी उपरण्याखाली झाकली. सत्तरीला टेकलेला माणूस, स्वतःच्या रानात, स्वतःच्या जोंधळ्याची भाकरी लपवत होता. कुणीही शहाणा माणूस तिथंच मातीत बसला असता आणि म्हणाला असता, आबा, मलाही द्या. मी काय केलं? देह दुर्बळ असतो, असा विचार करून मी न बघितल्यासारखं केलं आणि परत आलो. माझ्या या मोठेपणानं मला स्वतःलाच भरून आलं.

ज्वारीची काढणी उरकली आणि बिरोबाचं बकरं ठरलं. नातू दुखण्यातून उठला म्हणून आबांनी नवस बोललेला होता. दिवस रविवारचा. लेक सासरहून आली, भावकी जमली, अंगणात पंगत बसली. मला आबांनी मानानं पहिल्या जागेवर बसवलं. वहिनीनं माझ्या ताटात रस्सा वाढला आणि वर काळजाचा तुकडा ठेवला. तो पाहुण्यासाठी म्हणून तिनं बाजूला काढून ठेवलेला होता.

मी हात जोडले. "वहिनी, माझे उपवास आहेत."

वहिनी पळी हातात धरून तशीच उभी राहिली. पंगत थांबली. त्या घराची रीत अशी की पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवणाला हात लावत नाही. चाळीस-पन्नास माणसं, समोर वाफाळणारा रस्सा, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कुणीतरी दुसरं ताट आणलं. त्यात मी भाकरी घेतली, मीठ घेतलं आणि पहिला घास अगदी सावकाश चावला, सगळ्यांना दिसेल असा. पलीकडचा एक म्हातारा शेजाऱ्याच्या कानाला लागला. माझ्या संयमाचं कौतुक चाललंय, असं मला वाटलं. आबा म्हणाले, "घ्या रं, सुरू करा." तोवर रश्श्यावरचा तवंग गोठला होता.

आणि कहर म्हणजे आमच्या उपवासकाळात रविवार धरतच नाहीत. तो प्रभूचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. खुद्द चर्चची सुट्टी असताना मी ओव्हरटाइम करत होतो.

ईस्टरला आठवडा उरला असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, मोठे ब्रदर जीप घेऊन मला न्यायला आले. वसईकराला भिगवणहून आधीच घेतलेलं होतं. तो मागच्या सीटवर सुक्या मासळीचं बोचकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचे डोळे सुजलेले होते. तिथं गेल्यावर आठवडाभरात त्याला ताप भरला होता, आणि त्या घरच्या म्हातारीनं त्याला लेकरासारखं चमच्यानं पेज भरवली होती. बरा झाल्यावर त्यानं त्यांचं खाऊन वाटोळं केलं, असं म्हातारी सांगत होती म्हणे, आणि सांगता सांगता रडत होती. जीपला आडवी उभी राहून तिनं मोठ्या ब्रदरांना बजावलं होतं, ह्याला परत आणून सोडायचा. ऐकून मला त्याची कीव आली. आजारी पडला, सेवा करून घेतली, वर खाऊन वाटोळं केलं! त्याचं आफ्रिकेचं प्रकरण संपलं, असं मी समजलो.

मोठे ब्रदर ओसरीवर टेकले. वहिनीनं आतून चहा पाठवला. त्यांनी तो बशीत ओतून भुरके मारत प्यायला आणि आणखी मागितला. मग आबांना विचारलं, "आमच्या माणसानं तुमच्याकडून काय घेतलं?"

आबा सावरून बसले. आपण साक्ष देतोय, आपल्या शब्दावर एका माणसाचं भलं-बुरं ठरणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"देवाशप्पत सांगतो, काय बी न्हाय," आबा म्हणाले. "इतकं दिस ऱ्हायलं, पर च्याचा कप सुदिक घेतला न्हाय. जेवाय म्हनशीला तर एकडाव, त्ये बी कोरडी भाकरी. बिरोबाच्या बकऱ्यालाबी हात लावला न्हाय. असं माणूस बघाया मिळायचं न्हाय. ह्यास्नी कुणाचं कायबी लागत न्हाय."

मी नम्रपणे जमिनीकडं बघत होतो. मनात घंटा वाजत होत्या. वहिनी निरोपाला बाहेर आली नाही. कामात असेल, म्हटलं.

कालव्याच्या पुलावर मोठ्या ब्रदरांनी जीप थांबवली. "तू जायचं नाहीस," ते म्हणाले. "हा जाईल."

मला वाटलं, त्यांची सीटकडं बोट दाखवण्यात गल्लत झाली. "पण आबा तर..."

"आबांनी तुझी बाजू मांडली. शत्रूनं याहून वाईट काही सांगितलं नसतं. ज्याला कुणाचंच काही लागत नाही, त्याला मी कुणाच्या दारात पाठवू?" मग जीप पुन्हा सुरू करत म्हणाले, "ते घर तुला पुन्हा ठेवून घेत असेल, तर बघू. पण मी सांगणार नाही त्यांना. तुझा तू विचार."

मी भयंकर संतापलो. पुढचा सगळा पवित्र आठवडा मी रागात काढला. प्रभूनं चाळीस दिवस उपवास केला तर त्याची भक्ती, मी केला तर नापास! ईस्टरचं मटणसुद्धा मी रागानं खाल्लं. वसईकर लस टोचून घ्यायला मुंबईला निघाला, तेव्हा त्याची ट्रंक मी बसस्टँडपर्यंत वाहिली. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "तुझ्याशिवाय मला ते इंजिन कसं जमणार?" तो खरंच घाबरलेला होता. मी त्याला, जमेल, म्हणालो. आपण इतके दिवस कुणाच्या वाईटावर टपलो होतो ते बघून माझा राग थोडा उतरला.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा मी सायकल काढून कन्हेरीला गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो, पण एकही जुळेना. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या दारात काही मागायला गेलो नव्हतो. आबा ओसरीवर सुंभ वळत बसले होते.

"या पाव्हणं. काय काम काढलं?"

"काम काही नाही." मी उभाच. "आबा, मी पुन्हा राहायला येऊ का थोडे दिवस?"

आबांनी घराकडं बघितलं. वहिनी दारात येऊन उभी होती.

"कशाला?" ती म्हणाली. "आमच्या हातचं चालतंय व्हय तुमास्नी?"

मला काही कळलं नाही. तिनं मग ते सगळं बाहेर काढलं. "बकऱ्याच्या दिशी भावकीम्होरं मान खाली गेली माझी. त्ये म्हातारं म्हनलं, मोठ्या जातीचं असंल, आपल्या धनगराच्या हातचं कसं खाईल? तवापासनं बायका इचारत्यात मला. आन् आमी लेकरांला गंजीमागं घेऊन खात हुतो, पाव्हणा उपाशी बसलाय म्हून. सांगा की, काय इटाळ हुता आमच्या अन्नाला?"

मोठ्या जातीचं. मी! हसू यावं अशी गोष्ट, पण मला हसू आलं नाही, रडू यायला लागलं. ख्रिस्ती होण्याआधी आमचं घर गावकुसाबाहेरचं. माझा आजा पाटलाच्या वाड्यापुढं उभा राहायचा आणि वाड्यातली बाई त्याच्या उपरण्यात वरून भाकरी टाकायची, हात लागू नये म्हणून. पाणीही वरूनच, ओंजळीत. म्हातारपणी तो हे सांगायचा तेव्हा त्याची ओंजळ आपोआप पुढं यायची. त्याच्या नातवाला ह्या बाईनं पहिल्या पानावर बसवून काळजाचा तुकडा वाढला, आणि नातवानं हात जोडून तिला सगळ्यांदेखत लांब उभं केलं.

हे मी तिला सांगितलं. आज्याचं, ओंजळीचं, गावकुसाचं, सगळं. सांगताना भीती वाटत होती. त्या काळात, त्या गावात, हे ऐकून एखादं घर गप्प झालं असतं, आणि मग मला कुणी न सांगताच सायकल वळवावी लागली असती. आबांचं सुंभ वळणं थांबलं. वहिनी माझ्याकडं बघत राहिली. आफ्रिकेचं माझ्या ध्यानातही उरलं नव्हतं.

"म्हंजी तुमी ते समदं जाणून हुता," ती हळूच म्हणाली, "आन् तरीबी असं केलंत?"

"हो," मी म्हणालो. "कळलंच नाही मला."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. मी अंगणात उभा होतो, कारण बसा असं कुणी म्हणालं नव्हतं.

"भाईर कशाला हुबं ऱ्हायलाय?" आतून तिचा आवाज आला. "आत चुलीपशी या. हुलग्याचं शेंगोळं केलंय, निवून जाईल."

मी आत गेलो. ती वाढत गेली आणि मी जेवत गेलो. तिनं पुन्हा पळी पुढं केली तेव्हा माझं पोट भरलेलं होतं. तरी मी ताट पळीखाली सरकवलं.